पाण्यावरची धाव

सुविचार या प्रकाराची मला शाळेपासून धास्ती आहे. आमच्या वर्गात रोज सकाळी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक सुविचार लिहिलेला असे आणि तो पुसायला बंदी असे. खाली भूमितीची प्रमेयं येत, सनावळ्या येत, पुसल्या जात. वर तो सुविचार दिवसभर आमच्याकडे डोळे वटारून बघत बसे. त्याची एक खोड तेव्हाच माझ्या लक्षात आली होती. प्रमेयाला सिद्धता द्यावी लागते, सनावळीला निदान पुस्तकातलं पान तरी दाखवावं लागतं. सुविचाराला काहीच लागत नाही. लिहिला की तो खरा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या ताईच्या घरचं कॅलेंडर. भाचा ज्या क्लासला जातो त्या क्लासने फीच्या पावतीबरोबर ते फुकट दिलं. (फीचा आकडा ऐकल्यावर मला वाटलं, टांगायला भिंतही द्यायला हरकत नव्हती.) मेहुण्यांनी ते बरोबर भाच्याच्या टेबलासमोर टांगलं आहे. चित्रात टायवाला एक तरुण हातात बॅग घेऊन समुद्रावरून धावतो आहे. बुटांना पाणी नाही, पँटची इस्त्री शाबूत. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे, ‘मनात आणलं तर माणूस पाण्यावरूनही धावू शकतो!’ पुरावा नसला की सुविचार उद्गारचिन्हावर भागवतो.

एरवी अशा वाक्यांकडे मी काणाडोळा करतो. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणणारा माणूस सगळा भार परमेश्वरावर टाकून मोकळा होतो. शेवटी भेट झाली की नाही हे विचारायला कोण जाणार? पण या क्लासवाल्याने धाडस केलं होतं. त्याने पाण्याचं नाव घेतलं होतं. आणि पाणी ही फार सरळ वस्तू आहे. ते कोणाची भीड ठेवत नाही.

आता भाच्याविषयी सांगायला हवं. हा मुलगा प्रवेश परीक्षेला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा त्याला हवे तेवढे, म्हणजे त्याच्या वडलांना हवे तेवढे, गुण पडले नाहीत. मेहुण्यांचं निदान पक्कं आहे. “पोरगा हुशार आहे, पण मनापासून प्रयत्न करत नाही.” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पालकांची अर्धी जमात ते बोलते आणि उरलेली अर्धी बोलायची वाट बघत असते. त्यातलं ‘हुशार आहे’ हे मुलाचं कौतुक नसतं, पुढच्या आरोपाची तयारी असते. हुशार आहे, तरी नापास झाला; म्हणजे मुद्दामच झाला असणार!

“तुम्ही जरा त्याला समजवा,” मेहुणे मला म्हणाले. “तुमचं ऐकतो.”

मी समजवायला गेलो आणि दीड तास त्याचंच ऐकून आलो.

“मामा, हे चित्र चुकीचं आहे,” तो कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणाला.

“ते इस्त्रीवरूनच कळतंय,” मी म्हणालो.

“इस्त्रीचं सोड. वेग चुकीचा आहे.”

पाण्यावर चालणारे प्राणी तसे मीही पाहिले आहेत. लहानपणी विहिरीत डोकावलं की लांब पायांचे बारीक किडे पाण्यावरून इकडून तिकडे सरकताना दिसत. आम्ही त्यांना निवळ्या म्हणायचो. त्यांना धावावंही लागत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, दुधावर साय धरावी तसा, आणि तो त्यांना अलगद पेलतो. तसा तो आपल्यालाही पेलायला तयार आहे. फक्त किती पेलायचं ते पायांच्या घेरावर ठरतं. भाच्याने तिथल्या तिथे हिशेब मांडला. ऐंशी किलोच्या माणसाला नुसत्या या ताणावर उभं राहायचं असेल, तर त्याच्या तळव्यांचा घेर सगळा मिळून जवळपास ११ किलोमीटर हवा. चर्चगेटहून निघून दादरच्याही पुढे जाईल एवढी नुसती पायांची कडा! असल्या पायांना चपला कुठल्या दुकानात मिळतील हा प्रश्न राहू द्या, पण एवढे पाय ऐंशी किलोत बसवायचे कसे?

तेव्हा निवळीचा मार्ग बंद. राहता राहिला सरड्याचा.

मध्य अमेरिकेतल्या जंगलात बॅसिलिस्क नावाचा एक सरडा आहे. शत्रू मागे लागला की हा गृहस्थ मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि ओढ्याच्या पाण्यावरून चक्क धावत सुटतो. लोकांनी त्याला येशू ख्रिस्ताचं नाव देऊन टाकलं आहे. तो हे कसं जमवतो याचा छडा हार्वर्डच्या ग्लाशीन आणि मॅकमहॉन या दोघांनी लावला आणि १९९६ साली ‘नेचर’मध्ये छापला. सरडा आधी पाण्याला सणसणीत चापट मारतो. मग पाय तसाच खाली रेटतो, त्यामुळे पावलाभोवती पाण्यात हवेचा एक खड्डा तयार होतो. आणि तो खड्डा बुजायच्या आत पाय वर काढून घेतो. म्हणजे पाण्याला एक मुस्कटात द्यायची आणि ते भानावर यायच्या आत पुढची द्यायची. यात थांबायची सोय नाही. सरडा मध्येच विचार करायला थांबला, तर पुढचा विचार त्याला पाण्याखाली करावा लागेल.

मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त भावली. दोन ग्रॅमचं पिल्लू स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक जोर पाण्यावर लावू शकतं. दोनशे ग्रॅमच्या प्रौढ सरड्याला मात्र जेमतेम वजन उचलण्यापुरता जोर उरतो, वर फार तर दहा-अकरा टक्के शिल्लक. वय वाढलं, अंग सुटलं की पायाखालचं पाणी सरकायला लागतं ही गोष्ट सरड्यालासुद्धा चुकलेली नाही. त्या प्रौढ सरड्याला कोणी ‘तू हल्ली मनापासून प्रयत्न करत नाहीस’ असं ऐकवत असेल का?

याच दोघांनी माणसाचाही हिशेब करून ठेवला आहे. ऐंशी किलोचा माणूस या पद्धतीने धावायचा म्हणजे त्याला सेकंदाला ३० मीटर वेग हवा, ताशी १०८ किलोमीटर. द्रुतगती मार्गावर या वेगाने धावलात तर पोलीस दंड करतील. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये शंभर मीटर ९.५८ सेकंदांत कापले, तेव्हा अगदी भरातल्या क्षणी त्याचा वेग ताशी ४४-४५ किलोमीटर होता. तोही कोरड्या, टणक जमिनीवर. आणि वेग ही तर सोपी अट आहे. पाय इतक्या जोराने हाणत राहायला जी शक्ती लागते, ती माणसाचे स्नायू सतत जेवढी देऊ शकतात त्याच्या सुमारे १५ पट आहे.

“पंधरा पट, मामा,” भाचा म्हणाला आणि त्याने टेबलावरचं वेळापत्रक माझ्यापुढे सरकवलं. मेहुण्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात, तांबड्या-निळ्या शाईत आखलेलं. रोज १६ तास अभ्यास. “याच्या पंधरा पट म्हणजे दिवसाला २४० तास. रोज दहा दिवस.”

भौतिकशास्त्रात ज्याला गुण कमी पडले तो मुलगा हाच.

आता कोणी म्हणेल, हिशेब कागदावर ठीक आहे, पण प्रत्यक्ष कोणी करून पाहिलं का? पाहिलं. आणि तेही आपल्या मुंबईतच. १९६६ साली एल. एस. राव नावाच्या हठयोग्यांनी तिकिटं लावून पाण्यावर चालण्याचा जाहीर प्रयोग केला. प्रतिष्ठित मंडळी दाटीवाटीने जमली होती. योग्यांनी पाण्यावर पाऊल टाकलं आणि ते सरळ तळाशी गेले. त्यांच्या निश्चयात उणीव असेल असं मला वाटत नाही. एवढ्या लोकांसमोर, तिकिटाचे पैसे घेऊन, पाण्यात पाय टाकायला जो निश्चय लागतो तो माझ्यापाशी जन्मात येणार नाही. पण पाण्याने निश्चय मोजला नाही. वजन मोजलं.

इथे मला तो टायवाला तरुण आवडेनासा होतो. बायबलात पीटर पाण्यावर चालायला निघतो, वारा बघून घाबरतो आणि बुडू लागतो. तेव्हा त्याला विचारलं जातं की तू शंका का घेतलीस? ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिच्यातल्या बुडणाऱ्याला हात धरून वर काढलेलं आहे. माझी तक्रार नाही. क्लासवाल्याने मात्र त्यातला प्रश्न तेवढा उचलला आणि हात वगळला. ‘मनात आणलं तर’ या तीन शब्दांत सगळी मेख आहे. धावलास तर श्रेय सुविचाराचं, बुडालास तर दोष तुझा, कारण तू मनात आणलं नव्हतंस. हरण्याची शक्यताच नाही अशी ही पैज आहे आणि ती लावणारा कायम काठावर असतो. त्याचे बूट बघा, कोरडे असतात.

हे मी मेहुण्यांना पुढच्या रविवारी, पोह्यांची पहिली बशी संपल्यावर, जरा सौम्य शब्दांत सांगितलं. मेहुणे चाळीस वर्षं हिशेब खात्यात काढलेले. बिनपुराव्याचं ते बोलत नाहीत.

“मग तो बॅनिस्टर?” ते म्हणाले. “चार मिनिटांच्या आत मैल धावणं अशक्य आहे म्हणत होते ना सगळे? धावला की नाही?”

धावला. ६ मे १९५४, ऑक्सफर्ड, ३ मिनिटं ५९.४ सेकंद. प्रयत्नवादाच्या कोणत्याही भाषणात हा गृहस्थ तिसऱ्या मिनिटाला येतोच. पण त्याच्या आधीचा विक्रम किती होता, हे त्या भाषणांत कधी सांगत नाहीत. तो होता ४ मिनिटं १.४ सेकंद, १९४५ सालचा. म्हणजे बॅनिस्टरने ओलांडलेलं अंतर दोन सेकंदांचं, एक टक्काही नाही. त्याचं कर्तृत्व मी कमी करत नाही. ते दोन सेकंद कापायला जगाला नऊ वर्षं लागली. पण एक टक्का आणि पंधरा पट या दोन्हींना आपण ‘अशक्य’ हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. एक टक्क्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला ‘अजून थोडा जोर लाव’ म्हणणं हे प्रेम आहे. पंधरा पटींसमोर उभ्या असलेल्या माणसाला तेच वाक्य ऐकवलं की त्याचा छळ होतो. शब्द तेच, आवाज तोच, पाठीवरची थापही तीच.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावावर एक विचार सांगतात. एखाद्याने अमुक करायलाच हवं असं म्हणायचं असेल, तर ते त्याला करता येणं आधी शक्य असलं पाहिजे. ऐकायला किती साधं! पण आपल्या घरांतून बोलली जाणारी ‘हवं’ची वाक्यं या एका चाळणीतून गाळायची ठरवली, तर संध्याकाळी सात ते नऊ या वेळात बऱ्याच घरांत शांतता पसरेल. कांटच्या त्या क्योनिग्सबर्ग गावात नदीवर सात पूल होते आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे सात फिरून येता येतं का, हा गावकऱ्यांचा रविवारचा उद्योग होता. १७३६ च्या सुमारास ऑयलर या गणितज्ञाने सिद्ध केलं की येत नाही. कोणालाच येणार नाही, कितीही पायपीट करा. त्या दिवशी गावातल्या किती पायांना सुटल्यासारखं वाटलं असेल! अशक्य म्हणून सांगणं हेही कधी कधी पुण्यकर्म असतं.

एवढं सगळं ऐकून मेहुणे म्हणाले, “म्हणजे पोराला सांगू, बाबा तुला झेपणार नाही, झोप?”

हा प्रश्न खरा आहे, आणि पोह्यांची दुसरी बशी येईपर्यंत मला त्याचं उत्तर सुचलं नाही. पाण्याच्या बाबतीत हिशेब होऊ शकतो. वजन माहीत आहे, वेग काढता येतो. एकोणीस वर्षांच्या मुलाची परीक्षा दोन सेकंदांनी हुकली की पंधरा पटींनी, हे मोजायचं यंत्र कुठल्या हार्वर्डात बसवलंय? शिवाय पंधरा पटींचा आसरा घ्यायला माणसाला फार आवडतं. माळ्यावरचं मोठं पातेलं काढायला सांगितलं की मलाही माझं वजन आणि स्टुलाची ताकद आठवते. आमची ही तेव्हा काही बोलत नाही. स्टूल घेते, चढते आणि पातेलं काढते. वरून एवढंच म्हणते, “जड आहे म्हणायला लाज वाटते म्हणून माणसं अशक्य आहे म्हणतात.” आता या वाक्याला कुठल्याही फळ्यावर जागा मिळणार नाही, पण अशक्य आणि अवघड यांतली अर्धी भांडणं त्यात मिटतात.

उरलेल्या अर्ध्यांसाठी मला इटलीतली ती मंडळी आठवतात. २०१२ साली मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला पाण्यावर धावायला लावलं. खरंच लावलं. त्यांनी लहान मुलांचा हवा भरून फुगवायचा हौद आणला, त्यात पाणी भरलं, धावणाऱ्याच्या पायांना छोटे पंख बांधले आणि त्याला वरून पट्ट्यांनी असं टांगलं की त्याचं बरंचसं वजन पट्ट्यांनीच उचलावं. मग हा टांगलेला गृहस्थ पाण्यावर एका जागी पाय मारायला लागला. वजन मूळच्या सुमारे २२ टक्क्यांपर्यंत उतरवलं तेव्हा काहींना ते जमलं. ते बुडाले नाहीत. चंद्रावर आपलं वजन सहाव्या हिश्शाइतकंच भरतं. तेव्हा तिथे कोणी पाण्याने भरलेला हौद आणि घुमट बांधून दिला, तर तुम्ही-आम्ही तो पळत पार करू शकू असं दिसतं. या प्रयोगाला २०१३ साली इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक लोकांना आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

मी हसलो आणि मग माझ्या लक्षात आलं की या शास्त्रज्ञांनी टांगलेल्या माणसाला एकदाही ‘मनात आण’ असं सांगितलेलं नाही. त्याच्या इच्छाशक्तीला त्यांनी हातही लावला नाही. त्याच्यावरचा भार कमी केला आणि तो धावला. माणूस तोच होता, पाय तेच होते.

ताई इतका वेळ दारात उभी राहून ऐकत होती. तिने एकच विचारलं, “आणि पाण्यावरून धावून पलीकडे जाऊन करायचं काय?” ताईला ठाऊक नसेल, पण रामकृष्ण परमहंस जी गोष्ट सांगत तिच्यात हाच प्रश्न आहे. एक साधू वर्षानुवर्षं तप करून नदीवरून चालायला शिकतो आणि त्याला कळतं की नावाडी पैशात पलीकडे सोडतो. एवढ्या तपाची किंमत एक पैसा! माझी खात्री आहे, त्या साधूच्या टेबलासमोरही कोणीतरी कॅलेंडर टांगलं असणार.

मेहुणे बराच वेळ गप्प होते. बशीतला शेवटचा शेंगदाणा त्यांनी तीन वेळा फिरवला. मग उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं रागावले. दारातून दिसलं ते असं. भाचा टेबलाशी बसलेला, मेहुणे त्याच्या खुर्चीमागे उभे.

“तो ऐंशी किलोंचा आकडा सांगत होतास ना,” ते म्हणाले. “मी ब्याण्णव आहे. मला किती वेग लागेल?”

भाच्याने इकडेतिकडे कागद शोधला, मग ते वेळापत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर समीकरण मांडायला घेतलं. मेहुणे चष्मा लावून वाकले. दोन ओळी झाल्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“हे असं का?”

भाचा सांगायला लागला. मेहुण्यांनी हाताने चाचपून दुसरी खुर्ची जवळ ओढली.